शुक्रवारची अंडी

मित्रांनो, मी एक जुना रोस्टर आहे. रोस्टर म्हणजे मांस भाजायचं विजेचं मोठं भांडं: पांढरं, लांबट, दोन बाजूंना दोन कान आणि वर जाडजूड झाकण. माझ्या पोटात एका वेळी चाळीस माणसांचं जेवण मावतं. ही बढाई नाही. चाळीस माणसं जेवून उठलेली मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यांतला एक जण तर एकटाच चौघांचं खायचा. त्याची गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याला आकार दिला, त्यावर पांढरा लेप चढवून भट्टीत भाजलं, भिंतीच्या आत तारेचं वेटोळं बसवलं आणि खोक्यात घातलं. खोक्यातला अंधार मला अजून आठवतो. खोकं उघडलं तेव्हा समोर बावीस वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या हातांवर सुक्या गवताचे ओरखडे होते आणि बोटात नवी कोरी अंगठी होती. ती बर्नाडीन.

ते साल एकोणीसशे छप्पन. बर्नाडीनचं माहेर अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांतलं, डोलेझालांच्या रँचवरचं, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावरचं. शाळेत जायच्या आधी ती घोड्यावर बसायला शिकली होती. बाराव्या वर्षी गारांच्या पावसात कोपरापर्यंत हात घालून तिने अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलं होतं. तिच्या आईने मात्र आयुष्य लाकडाच्या चुलीपुढे काढलं. त्यांच्या टेकड्यांत वीज आली तेव्हा आईची कंबर कायमची वाकली होती. मुलीच्या लग्नात तिने मला दिलं आणि म्हणाली, "हा घे. माझी पाठ गेली ती गेली, तुझी जायला नको."

मग बर्नाडीनने मला उलटं केलं, बुडाला एक चिकटपट्टी लावली आणि शाईने लिहिलं, बर्नाडीन टिअर्नी. सासरचं आडनाव लिहिताना तिचा हात जरा थांबला, असं मला वाटलं.

आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला नाव असतं. कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाला माती दिली, की घरोघरची भांडी तिथे जातात. रिकामं झालेलं भांडं धुऊन ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं असतं, आणि आत काहीतरी घालूनच पोचवायचं असतं. चार पाव घाला, काकडीच्या लोणच्याची बरणी घाला, काहीच नसेल तर अंगणातले कांदे घाला. आणि दारातून परत फिरायचं नाही, आत येऊन बसायचं. शेजारचं घर सहा मैलांवर असतं तेव्हा माणसाला माणूस भेटायला असं काहीतरी निमित्त लागतं.

बर्नाडीनचा नवरा एमेट टिअर्नी हा हसऱ्या तोंडाचा, जरा आळशी आणि घोड्यांच्या बाबतीत फार हुशार. त्याची आई ओनोरा त्याच अंगणापलीकडच्या घरात राहायची आणि चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख होती. सासूबाई तोंडाने फार बोलत नसत. त्या वस्तूवर बोट फिरवून बोटाकडे बघत, आणि तेवढ्यानेच समोरच्याच्या तोंडचं पाणी पळे. माझ्या झाकणावरही त्यांनी बोट फिरवलं होतं. मी स्वच्छ निघालो.

पहिले आठ महिने मी किरकोळ कामं केली. माझी आणि बर्नाडीनची खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात आली. तो वासरांना डागण्याचा दिवस होता. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या रँचवरची माणसं येतात. घोड्यावरचे दोरी टाकून वासरं ओढून आणतात, दोघे जण एकेक वासरू धरतात, तापलेल्या लोखंडाने खूण उठवतात. दुपारी सगळ्यांना पोटभर जेवण घालायचं ते त्या घरच्या बाईने. त्या वर्षी ते नव्या सुनेकडे होतं. या एका जेवणावरून तिला पुढची कितीतरी वर्षं ओळखणार होते.

डागणी ठरली होती गुरुवारी. पहाटेच बर्नाडीनने गोऱ्ह्याच्या मांसाचे दोन मोठे तुकडे मीठ, मिरी, कांदा लावून माझ्यात ठेवले. मी आपला मंद आचेवर सुखाने कामाला लागलो. आठ वाजता पाऊस आला. ओल्या केसांवर डाग नीट उठत नाही, पसरतो आणि मग कुणाचं वासरू कुठलं ते कळत नाही. सासूबाईंनी फोन उचलला. तेव्हा बारा घरांना मिळून एकच तार होती, एकाने बोललेलं बाराही घरं ऐकत. "आजचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या या."

उद्या, उद्या, असं सगळे म्हणाले. मांस तळघरात गार ठेवलं गेलं. त्या बारांपैकी अकरा घरं आमच्या चर्चची होती, आणि त्यांतल्या एकालाही उद्या कुठला वार आहे हे सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष ढगांकडे होतं.

त्या काळी आमच्या कॅथलिक माणसांना वर्षभर दर शुक्रवारी मांस वर्ज्य होतं; अंडी, मासे, दूधदुभतं चालायचं. मांस जाणूनबुजून खाल्लं तर ते पाप, आणि फादरांपुढे गुडघे टेकून ते सांगावं लागे.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. दुपारपर्यंत काम उरकलं आणि धुळीने माखलेली अडतीस माणसं शेडमधल्या लांब टेबलांशी बसली. सासूबाईंनी प्रार्थना म्हटली. बर्नाडीनने माझं झाकण उचललं तशी सगळ्यांनी मान वळवली, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. ताटं भरली. एमेटने पहिला घास घेतला, दुसरा काट्याला टोचला.

त्याच्या समोर आर्विड लिंडक्विस्ट बसला होता. लिंडक्विस्ट हे त्या बारातलं बारावं घर. ते लुथेरन चर्चचे, त्यांना शुक्रवारचा नेम नव्हता. आर्विड पंचवीस वर्षांचा, खांद्याने दार अडेल एवढा, आणि मनाने अगदी साधा. भाऊ, वहिन्या, चुलते, पोरंबाळं धरून ते चौदा जण आले होते.

"एमेट, एक विचारू का?" आर्विड म्हणाला. "आज शुक्रवार ना? तुमच्यात आज चालतं?"

सगळे काटे एकदम ताटाला लागल्याचा आवाज झाला.

"पहिला घास माहीत नसताना गेला," एमेट हळूच म्हणाला. "तो धरायचा नाही."

"आणि तो हातातला?"

"हातातल्याचं मला आत्ताच कळलं. दोन मिनिटं थांबून विचारलं असतंस तर तुझं काय जात होतं?"

कुणीतरी सुचवलं की फादरांना फोन करून परवानगी मागावी. सासूबाईंचा चेहरा लालेलाल झाला होता. "फोन करायचा नाही," त्या म्हणाल्या. "बारा घरं ऐकतील. टिअर्नींकडे शुक्रवारी मांस शिजलं, हे मला रविवारी चर्चच्या पायरीवर ऐकायचं नाही."

"आई, बाराही घरं इथंच बसलीत," एमेट म्हणाला.

कुणी हसलं नाही. सगळे बर्नाडीनकडे बघत होते. टिअर्नींची सून, जिने पहिल्याच जेवणाला सगळ्यांच्या ताटात पाप वाढलं, अशी ती जन्मभर ओळखली जाणार, हे तिला दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. मला वाटलं, आता ही रडणार आणि घरात पळून जाणार.

तिने एप्रनला हात पुसले. "आर्विडभाऊ, तुमची सगळी माणसं या टोकाला बसा. मांस तुमचं. काही उरवायचं नाही."

"सगळं?"

"सगळं. आणि आमच्यातल्यांनी हातातली ताटं त्यांच्याकडे सरकवा, तोवर गोड खायला घ्या. कोलाचे आधी."

कोलाचे म्हणजे मधोमध जर्दाळूचा मुरांबा भरलेले गोड पाव, तिच्या माहेरची खासियत. गोड आधी आणि जेवण मागून, असं त्या टेकड्यांत आजवर कुणी केलं नव्हतं. पण भुकेल्या माणसांनी वाद घातला नाही.

बर्नाडीनने मला रिकामं केलं आणि उचलून स्वयंपाकघरात नेलं. उकळत्या पाण्याने दोनदा घासलं. मागून सासूबाई आल्या. त्यांनी माझ्या आत बोट फिरवलं. "कानाजवळ चरबी राहिलीये."

तिने मला तिसऱ्यांदा घासलं. मग तळाला लोणी लावलं, उकडलेल्या बटाट्यांच्या चकत्या पसरल्या, वर कांदा, साय, चीज. आता अंडी हवी होती. कोपऱ्यात सासूबाईंचं खोकं होतं. आठवडाभर साठवलेली ती अंडी शनिवारी शहरात विकायला जात, आणि त्या पैशांवर घरातल्या कुणाचाही हक्क नव्हता. खुद्द एमेटही त्या खोक्याला हात लावायचा नाही. बर्नाडीनने क्षणभर खोक्याकडे पाहिलं आणि झाकण उघडलं.

"ती माझी अंडी आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"किती घेणार आहेस?"

"आठ डझन."

सासूबाईंनी बाह्या वर सारल्या. "सर बाजूला. एकेक फोडत बसलीस तर संध्याकाळ होईल. अशी दोन्ही हातांनी फोड, काठावर." आणि दोघी शेजारी उभ्या राहून अंडी फोडू लागल्या. बऱ्याच वेळाने सासूबाई वर न बघता म्हणाल्या, "फोनवर उद्या या असं मीच म्हटलं होतं."

"मीही ऐकलं होतं, आई. मलाही वार आठवला नाही."

त्यापुढे त्या विषयावर त्या दोघी कधी बोलल्या नाहीत. गरजच पडली नाही.

पाऊण तासाने माझं झाकण पुन्हा उघडलं. वरून सोनेरी, आतून मऊ असं ते काहीतरी फुगून माझ्या काठापर्यंत आलं होतं. चोवीस माणसांनी त्यावर ताव मारला. शेडच्या दुसऱ्या टोकाला मांस संपवून बसलेले लिंडक्विस्टही ताटल्या घेऊन आले. आर्विडने दोन्ही खाल्लं. "वहिनी," तो म्हणाला, "पुढचा शुक्रवार कधी येतोय?"

अशी माझ्या मालकिणीची ओळख झाली. ज्याची भीती होती ती नाही, तर "शुक्रवारची अंडी" करणारी बर्नाडीन म्हणून. आणि टिअर्नींच्या डागणीला गोड आधी वाढायचं, हा रिवाज त्या वर्षापासून पडला तो आजतागायत आहे.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं माझी सुखाची गेली. बर्नाडीनला पाच मुलं झाली, आणि पाचांच्याही बाप्तिस्म्याचं जेवण माझ्यात शिजलं. सासूबाई थकल्यावर चर्चचं महिला मंडळ तिच्याकडे आलं. परिसरात कुणी गेलं की तिच्या घरचा फोन वाजे, आणि ती मोजकंच विचारी, "माती कधी? माणसं किती?" मग ती मला काढी. इतर दिवशी मांस, शुक्रवारी अंडी. मातीनंतरच्या जेवणाला माणसं नुसती ताटं धरून बसतात. बर्नाडीन कुणाचं सांत्वन करीत नसे, तेवढं तिला जमायचं नाही. ती फक्त न विचारता दुसरा डाव वाढायची, आणि तो खाऊन झाल्यावर माणसं बोलायला लागायची.

एकदा पिकअपच्या मागून पडून माझा एक टवका उडाला. एकदा उंदराने वायर कुरतडली, ती एमेटने बदलली. बुडावरची पट्टी झिजली की बर्नाडीन नवी लावायची, जुनी न काढता. चर्चच्या हॉलमध्ये बायका म्हणत, तो टवका उडालेला बर्नाडीनचाच, त्यातलं कधी करपत नाही. हे ऐकून मी गप्प बसायचो, पण मला आवडायचं.

आर्विड दर डागणीला यायचा आणि दर वर्षी तेच बोलायचा. "वहिनी, तुमच्या सगळ्या चर्चच्या वाटचं मांस मी एकट्याने खाल्लं. अजून पचतंय."

"मग कोलाचे कमी खा, जागा नसेल," ती म्हणायची.

एमेट गेला तेव्हा मात्र मी घरीच राहिलो. ज्यांच्या घरी दुःख असतं त्यांनी शिजवायचं नसतं. ओट्यावर दुसऱ्यांची भांडी येत होती, प्रत्येकाच्या बुडाला दुसऱ्याचं नाव. बर्नाडीनला हातांचं काय करावं ते कळेना. तिने मला कपाटातून काढलं आणि स्वच्छ होतो तरी घासलं. मग पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी माझ्यावर डोकं टेकून ती रडली. मी गार होतो, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग काळ बदलला. वापरून फेकून द्यायचे पातळ पत्र्याचे डबे आले. त्यांच्या बुडाला नाव नको, ते धुवायला नको, परत द्यायला नको. हॉलमधल्या कामाला ते सोयीचे होते, हे मी मान्य करतो. पण भांडी परत द्यायची नाहीत म्हटल्यावर कुणी कुणाच्या घरी जाऊन बसेना. बर्नाडीनचे गुडघे दुखू लागले आणि मी तळघरात गेलो. नाताळच्या देखाव्यातल्या मूर्ती ठेवायला मी सोयीचा निघालो. तीन मेंढपाळ आणि एक पाय मोडलेला उंट पोटात घेऊन मी अकरा वर्षं काढली. तक्रार नाही, पण उंटाशी काय बोलणार?

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये, गाई विण्याच्या धामधुमीत, एका सोमवारी सकाळी बर्नाडीन गेली. ब्याऐंशी वर्षांची होती. शेवटच्या रविवारीही ती चर्चला जाऊन आली होती. बुधवारी तळघराचं दार उघडलं आणि वरच्या स्वयंपाकघरातलं बोलणं मला ऐकू येऊ लागलं. तिची मधली मुलगी टेरीज आता रँच सांभाळत होती, तिचा आवाज मी ओळखला. दुसरा आवाजही ओळखला. चौऱ्याऐंशी वर्षांचा आर्विड काठी टेकत आला होता.

"जेवणाला काय ठरवलंस?" त्याने विचारलं.

"काय ठरवणार, आर्विडकाका? माती शुक्रवारी आहे, आणि ईस्टरच्या आधीचा उपासकाळ चालू आहे. मांस चालणार नाही. शहरातून ट्यूनाची सँडविचं मागवलीत."

एरवीच्या शुक्रवारांचा नेम आता सैल झाला होता, पण उपासकाळातले शुक्रवार आमचे लोक अजून पाळतात. बोलणं ऐकून माझा धीर सुटला. जवळजवळ पन्नास वर्षं मी सगळ्यांच्या मातीनंतर जेवण वाढलं, आणि तिच्याच वेळी मी खाली अंधारात उंट सांभाळत बसणार होतो.

"बर्नाडीनच्या जेवणाला डब्यातला मासा?" आर्विड म्हणाला. "शुक्रवारी तुझी आई काय करायची?"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते भांडं कुठंय?" त्याने विचारलं.

त्या दोघांनी मला वर नेलं. टेरीजने मूर्ती काढल्या, मला धुतलं, आणि तिघांनीही, म्हणजे मीसुद्धा, श्वास रोखून प्लग लावला. काही झालं नाही. आर्विडने खिशातून चाकू काढला, प्लग उघडला, तार साफ करून पुन्हा बसवली. आधी जळक्या धुळीचा वास आला. मग माझ्या भिंती कोमट झाल्या, मग गरम. टेरीजने माझ्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आहे अजून जीव."

शुक्रवारी हॉल भरला. काही जण थेट गोठ्यातून आले होते, बुटांना चिखल तसाच होता. टेबलाच्या टोकाला मी होतो, माझ्यात आठ डझन अंडी होती आणि माझ्या आधी कोलाचे ठेवले होते. नव्या फादरांनी विचारलं की गोड आधी का. एकाच वेळी सात-आठ जण ती गोष्ट सांगायला लागले, आणि मातीनंतरच्या त्या जेवणाला हॉल हसला. पुढे येणारी ताटं मी भरत राहिलो. टेरीज कुणाला न विचारता दुसरा डाव वाढत होती.

जेवणं झाल्यावर बायकांनी मला धुतलं, पुसलं आणि कुणाचं आहे ते बघायला सवयीने उलटं केलं. बर्नाडीन टिअर्नी. ते नाव वाचून मला पोचवायचं कुठे, ते कुणाला कळेना.

"माझ्या वाटेवर आहे ते घर," मागून आर्विड म्हणाला. "मी पोचवतो."

त्याने मला पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा बांधला आणि स्वतःच्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या स्वयंपाकघरात काय गोंधळ झाला ते मी सांगत नाही, त्या माणसाने आयुष्यात कधी कांदा कापला नव्हता. दुपारी आम्ही टिअर्नींच्या मागच्या दाराशी उभे होतो. टेरीजने दार उघडलं. आर्विडने मला टेबलावर ठेवून झाकण उचललं. आत गोऱ्ह्याच्या मांसाचे दोन मोठे तुकडे होते, जरा जास्तच भाजलेले.

"आज शनिवार आहे ना?" तो म्हणाला. "दोन ठिकाणी विचारून आलोय."

टेरीज वाकून आत बघू लागली.

"एकोणसाठ वर्षांपूर्वी तुमच्या वाटचं मी खाल्लं. तुमच्याकडे भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे मला तुझ्या आईनंच शिकवलं."

टेरीज रडली, आणि रडता रडता तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, काका," ती म्हणाली. "कोलाचे आधी."

तो चार वाजेपर्यंत बसला. तो गेल्यावर तिने मला उलटं केलं, आईच्या नावाची पट्टी तशीच ठेवली आणि तिच्याखाली आपल्या नावाची लावली.

मित्रांनो, मी आता ओट्यावरच असतो. तुमच्याही घरात कुणाचं तरी भांडं राहून गेलेलं असेल. ते शोधा, घासा, आत काहीतरी घाला आणि स्वतः पोचवायला जा. दारातून परत फिरू नका. आत बोलावतील, तेव्हा थोडं बसा.